ड्राफ्टमध्ये खाली सरकायचं का? एनएफएल चाहत्यांसाठी हिशोबाची पद्धत

एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आणि निवडीच्या प्रत्येक पाळीला पिक म्हणतात. पहिल्या फेरीत आपल्या टीमचा नंबर जवळ आला की चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एकांना समोर दिसणारा खेळाडू लगेच उचलायचा असतो, तर दुसऱ्यांना आपला नंबर मागच्या टीमला देऊन, म्हणजे खाली सरकून, जास्तीचे पिक घ्यायचे असतात. हा वाद बहुधा आवाजावर चालतो, कारण दोन्ही बाजूंकडे आकडे नसतात. खरं तर आकडे मांडायला अर्धा तास पुरतो. खाली सरकणं ही एक विक्री आहे. ती चांगली की वाईट हे भाव, गिऱ्हाईक आणि विक्रीनंतर हातात काय उरतं यावर ठरतं. या तिन्ही गोष्टी ड्राफ्टच्या आधीच कागदावर कशा आणायच्या, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी मैदान समजून घ्या

अमेरिकन फुटबॉलच्या या लीगमध्ये ३२ टीम आहेत आणि ड्राफ्टच्या ७ फेऱ्या होतात. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, शनिवारी उरलेल्या चार. भारतातून पाहणाऱ्यांसाठी पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. आयपीएलसारखा इथे लिलाव नसतो. पैशाची बोली लागत नाही, चलन म्हणजे पिकच. प्लेऑफला न पोचलेल्या १८ टीम पहिल्या १८ जागांवर असतात, विजेता ३२ व्या जागेवर. तिसऱ्या फेरीपासून पुढे फेऱ्यांच्या शेवटी भरपाईचे पिक जोडले जातात. आदल्या वर्षी आपले मोठे खेळाडू फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपल्यावर दुसऱ्या टीमकडे, गमावलेल्या टीमना ते मिळतात, आणि २०१७ पासून त्यांचाही व्यवहार करता येतो. पिकांचा क्रमांक लावताना हे विसरलात तर चौथ्या फेरीपासून सगळे आकडे सरकतात.

पायरी पहिली: तक्ता जवळ ठेवा

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉईजमध्ये जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना टीमचे भागीदार माइक मॅकॉय यांनी प्रत्येक पिकाला गुण देणारा तक्ता तयार केला. आज त्याला जॉन्सन तक्ता म्हणतात. तो जुना झाला आहे, वरच्या पिकांना जरा जास्तच वजन देतो, तरी फोनवर दोन टीमचे जीएम (जनरल मॅनेजर) बोलतात तेव्हा भाव अजूनही त्याच्या आसपासच ठरतो. पाठ करण्यासारखे टप्पे हे:

१ ला पिक: ३०००
२ रा: २६००
५ वा: १७००
१० वा: १३००
१६ वा: १०००
२० वा: ८५०
२५ वा: ७२०
३२ वा: ५९०
४० वा: ५००
५० वा: ४००
६४ वा: २७०
७५ वा: २१५
१०० वा: १००

पाचव्या फेरीपासून पुढचे पिक ४० गुणांच्या खालीच असतात. सहाव्या फेरीच्या मधले चार पिक एकत्र केले तरी १०० व्या पिकाची किंमत होत नाही. म्हणून "एक देऊन पाच मिळाले" या वाक्यावर कधीच टाळ्या वाजवू नका. आधी बेरीज करा.

उदाहरण घ्या. तुमची टीम १२ व्या जागेवर आहे (१२०० गुण) आणि २० व्या जागेवरची टीम (८५०) वर यायला तयार आहे. फरक ३५० गुणांचा. तक्त्यात ३५० म्हणजे ५५ वा पिक, दुसऱ्या फेरीचा उत्तरार्ध. समोरून फक्त ७५ वा पिक आला तर १३५ गुण कमी पडतात. अशा वेळी तिसऱ्या फेरीच्या उत्तरार्धातला एक पिक वर मागायचा, नाहीतर जागेवरच थांबायचं.

पायरी दुसरी: खऱ्या व्यवहारावर हात साफ करा

२०२५ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सनी दुसरा पिक जॅक्सनव्हिल जॅग्वार्सना दिला. जॅक्सनव्हिलला मिळाले २, १०४ आणि २००. क्लीव्हलंडला मिळाले ५, ३६, १२६ आणि २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक. आता मांडा. जॅक्सनव्हिलच्या पदरात २६०० अधिक ८६ अधिक साधारण १०, म्हणजे २६९६ च्या आसपास. क्लीव्हलंडच्या पदरात १७०० अधिक ५४० अधिक ४६, म्हणजे २२८६. राहिला पुढच्या वर्षीचा पहिला पिक. लीगमधली रूढ पद्धत अशी की एक वर्ष पुढचा पिक एक फेरी खालचा धरायचा. म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आज दुसऱ्या फेरीच्या मध्याएवढा, साधारण ४२०. बेरीज २७०६. दोन्ही पारडी जवळजवळ समान. टीव्हीवर हा व्यवहार प्रचंड वाटला, पण तक्त्याच्या भाषेत तो अगदी बाजारभावाने झाला. जॅक्सनव्हिलने ट्रॅव्हिस हंटरला घेतलं, क्लीव्हलंडने पाचव्या जागेवर मेसन ग्रॅहम आणि ३६ व्या जागेवर क्विनशॉन जडकिन्सला.

व्यवहारात खेळाडूही असेल तर त्याचा भाव उलट्या दिशेने काढता येतो. २०२३ मध्ये शिकागो बेअर्सनी पहिला पिक कॅरोलायना पँथर्सना दिला आणि ९, ६१, २०२४ चा पहिला, २०२५ चा दुसरा आणि रिसीव्हर डीजे मूर घेतला. १३५० अधिक २९२ अधिक ४२०, आणि दोन वर्षं लांबचा दुसऱ्या फेरीचा पिक चौथ्या फेरीएवढा धरून ७०. एकूण २१३२. तीन हजाराला ८६८ कमी पडतात, म्हणजे या सौद्यात मूरची किंमत साधारण १९ व्या पिकाएवढी धरली गेली. त्या घडीला मूर यापेक्षा कमी किमतीचा वाटत असेल, तर तुमच्या लेखी शिकागोने स्वस्तात विकलं. वाद करायचा तर या आकड्यावर करा.

पायरी तिसरी: पुढच्या वर्षीच्या पिकाचा अंदाज स्वतंत्र लावा

४२० हा सरासरी भाव आहे. खरा पिक त्याच्या फार वर किंवा फार खाली जातो, आणि खाली सरकण्यातला मोठा नफा-तोटा इथेच दडलेला असतो. कॅरोलायनाने २०२३ मध्ये दोनच सामने जिंकले. तिचा तो "४२० गुणांचा" पिक २०२४ चा पहिला पिक ठरला आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतलं. २०१७ मध्ये क्लीव्हलंडने १२ वा पिक ह्यूस्टनला देऊन २५ वा आणि पुढच्या वर्षीचा पहिला घेतला, तो २०१८ मध्ये चौथा निघाला. उलट जॅक्सनव्हिल २०२४ मध्ये चारच सामने जिंकली होती. त्यामुळे तिचा २०२६ चा पिक वरचाच येणार असं अनेकांनी गृहीत धरलं. टीमने २०२५ मध्ये १३ सामने जिंकले आणि पिक पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात घसरला.

समोरच्या टीमचा अंदाज लावताना चार प्रश्न विचारा. ती क्वार्टरबॅकसाठी, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूसाठी, वर येते आहे का? नवख्या क्वार्टरबॅकची टीम पहिल्या वर्षी बरेचदा सामने हरते, तेव्हा तिचा पिक वरचा येण्याची शक्यता वाढते. तिची आक्रमक फळी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, कशी आहे? प्रशिक्षक नवीन आहे का? आणि विभाग किती कठीण आहे? मागच्या वर्षीचे विजय हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. निर्णय तरीही ४२० धरूनच घ्यावा. वरचा पिक आला तर तो लाभ, त्याच्यावर घर बांधू नका.

पायरी चौथी: थर मोजा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि चाहते नेमकी हीच वगळतात. तक्ता पिकांचा भाव सांगतो, त्या वर्षीच्या खेळाडूंचा नाही. पहिल्या फेरीत ३२ पिक असले तरी पहिल्या फेरीच्या लायकीचे खेळाडू बहुतेक वर्षी १५ ते २० च मानले जातात. कुठेतरी कडा येते आणि तिच्यापलीकडे दर्जा एकदम पडतो. ती कडा कुठे आहे, हे आधी शोधायचं.

सार्वजनिक क्रमवाऱ्यांपैकी चार-पाच घ्या. प्रत्येक खेळाडूचा मधला क्रमांक काढा, सरासरी नको, कारण एखादा विक्षिप्त क्रमांक सरासरी बिघडवतो. मग यादी वरून खाली वाचत जा आणि जिथे सगळ्या क्रमवाऱ्यांचं एकमत तुटतं तिथे रेघ मारा. दोन रेघांमधला गट म्हणजे एक थर. एका थरातले खेळाडू तुमच्यासाठी सारखेच, त्यातला कुठलाही मिळाला तरी चालेल, अशी कसोटी लावा. ही कसोटी प्रामाणिकपणे लावली पाहिजे. "चालेल" म्हणताना मनात एकच नाव असेल तर तो एकटाच एक थर आहे.

आता मोजणी. १० वरून १४ वर सरकलात तर मध्ये १०, ११, १२ आणि १३ असे चार पिक जातात. तुमचा नंबर येताना त्या थरात पाच खेळाडू उरलेले असतील तर १४ व्या जागेवर एक नक्की मिळतो, काहीही झालं तरी. चारच उरले असतील तर धोका आहे, पण वर येणारी टीम तुमच्या थराबाहेरचा क्वार्टरबॅक घेणार असेल तर एक जागा वाचते. मधल्या टीमच्या गरजाही तपासा. ज्या टीमकडे दोन तरुण टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या कडेचे खेळाडू) आहेत ती तिसरा टॅकल पहिल्या फेरीत क्वचितच घेते. नियम साधा ठेवा: थरात उरलेले खेळाडू, वजा मधले पिक, अधिक खात्रीने दुसरीकडे जाणारे पिक. उत्तर एक किंवा जास्त आलं तर सरका. शून्य आलं तर तक्त्यावरच्या भावापेक्षा जास्त मागा. उणे आलं तर थरातला खेळाडू घ्या आणि फोन ठेवून द्या.

एका जागेचं सरकणं याच हिशोबात बसतं. २०२३ मध्ये शिकागोने ९ वरून १० वर येऊन फिलाडेल्फियाकडून २०२४ चा चौथ्या फेरीचा पिक घेतला. फरक ५० गुणांचा, मिळाले साधारण ३५. तक्त्यावर किंचित तोटा. पण शिकागोला टॅकल डार्नेल राइट हवा होता आणि फिलाडेल्फियाच्या मनात बचावपटू जेलन कार्टर होता. आपला खेळाडू एका जागेने हलणार नाही याची खात्री असेल तर मिळेल ते वरकड. कार्टर पुढे मोठा खेळाडू झाला म्हणून शिकागोचे चाहते हळहळतात ते समजण्यासारखं आहे, पण तो वाद खेळाडूच्या निवडीचा आहे, सरकण्याचा नाही.

पायरी पाचवी: गिऱ्हाईकाचं नाव सांगा

"आपण ट्रेड डाऊन करायला हवं होतं" असं म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: कुणाबरोबर? विकणारा तयार असून चालत नाही. वर येणाऱ्या टीमला कारण लागतं, आणि ते कारण बहुतेक वेळा तुमच्या लगेच मागे बसलेली तिसरी टीम असते. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी २७ वरून १० वर आली. तिने बफेलोला २७, ९१ आणि २०१८ चा पहिला पिक दिला आणि पॅट्रिक महोम्सला घेतलं. ११ व्या जागेवर न्यू ऑर्लीन्स बसली होती, आणि तिलाही महोम्स आवडल्याची चर्चा होती.

म्हणून ड्राफ्टच्या आदल्या दिवशी तीन रकान्यांचा तक्ता करा. तुमच्या खालच्या १५ टीमची नावं, प्रत्येकीची ठळक गरज, आणि त्याच गरजेची दुसरी टीम तुमच्या मागे कुठे आहे. क्वार्टरबॅक उरलेला असेल तर भाव चढतो. मग क्वार्टरबॅकवर धावून जाणारे कडेचे बचावपटू, म्हणजे पास-रशर, आणि डावे टॅकल. गार्ड, सेफ्टी किंवा टाइट एंड या जागांसाठी सहसा कोणी चढा भाव देत नाही. मागे स्पर्धक नसेल तर समोरची टीम वाट पाहते, आणि तुमच्या हातात विकण्यासारखं काही नसतं. वर येणाऱ्या टीमकडे देण्यासारखे पिक आहेत का हेही पाहा. आधीच दुसरी फेरी विकून बसलेली टीम फक्त पुढच्या वर्षीचं आश्वासन देऊ शकते.

बफेलोच्या त्या सौद्याचा हिशोबही करून पाहा: १३०० च्या बदल्यात ६८० अधिक १३६ अधिक ४२०, म्हणजे १२३६. भाव जवळपास बरोबर होता. २७ व्या जागेवर मिळालेला कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) ट्रेडेव्हियस व्हाइटही उत्तम निघाला. तरीही महोम्स गेला. क्वार्टरबॅकची गरज असताना, आपल्या यादीत वरचा क्वार्टरबॅक समोर असताना सरकू नये, कारण या एका जागेचा भाव कुठलाच तक्ता पकडत नाही.

पायरी सहावी: करार तपासा

लीग आणि खेळाडू यांच्यातल्या २०११ च्या कामगार करारापासून नव्या खेळाडूंचे पगार जागेनुसार बांधलेले आहेत. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्डला ६ वर्षांसाठी ७८ दशलक्ष डॉलरचा करार मिळाला होता, २०११ चा पहिला पिक कॅम न्यूटनला ४ वर्षांसाठी २२ दशलक्षाचा. त्यामुळे वरचा पिक आता महागडा बोजा राहिलेला नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचं या विषयावरचं गाजलेलं संशोधन २०११ च्या आधीच्या पगारांवर उभं होतं, आणि खर्च वजा केल्यावर दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीचे पिक सर्वांत फायद्याचे निघतात असं त्यात दिसलं होतं. चाहते ते अजून जसंच्या तसं वापरतात, ते चुकीचं आहे. त्यातली दुसरी गोष्ट मात्र आजही कामाची: एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के आढळली. म्हणजे एकाच थरात नाव धरून बसण्यात फार अर्थ नाही.

पहिल्या फेरीच्या खेळाडूवर पाचव्या वर्षाचा पर्याय, म्हणजे चार वर्षांचा करार एका वर्षाने वाढवण्याचा टीमचा हक्क, असतो, दुसऱ्या फेरीच्या खेळाडूवर नसतो. ३२ आणि ३३ मध्ये तक्त्यावर १० गुणांचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात एका वर्षाच्या हक्काचा. ३० वरून ३५ वर सरकताना हे वर्ष भावात मिळवा, विशेषतः क्वार्टरबॅक, टॅकल किंवा कॉर्नर घ्यायचा असेल तेव्हा.

पायरी सातवी: मिळालेल्या पिकांचं काय करणार

इथे दोन टीम शेजारी ठेवून पाहाव्यात. २०१८ मध्ये बॉल्टिमोर रेव्हन्स १६ व्या जागेवर होत्या. त्यांनी १६ आणि १५४ बफेलोला देऊन २२ आणि ६५ घेतले. १००० अधिक साधारण ३० विरुद्ध ७८० अधिक २६५, थोडा फायदाच. मग २२ आणि २१५ टेनेसीला देऊन २५ आणि १२५ घेतले. २५ वर टाइट एंड हेडन हर्स्ट. नंतर ५२, तोच १२५ आणि पुढच्या वर्षीचा दुसरा पिक फिलाडेल्फियाला देऊन ३२ आणि १३२ मिळवले, आणि ३२ व्या जागेवर क्वार्टरबॅक लमार जॅक्सनला घेतलं. पाचव्या वर्षाचा पर्याय हाताशी राहिला, आणि जॅक्सन २०१९ व २०२३ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खाली सरकून मिळवलेलं सुटं चलन एका ठरलेल्या खरेदीत गेलं.

आता २०११ चं क्लीव्हलंड. सहावा पिक अटलांटाला देऊन २७, ५९, १२४, २०१२ चा पहिला आणि चौथा. अटलांटाने हुलिओ जोन्सला घेतलं. जॉन्सन तक्त्यावर क्लीव्हलंडला शंभरेक गुण कमी मिळाले, पण करिअरच्या कामगिरीवर बेतलेल्या नव्या तक्त्यांवर तिला चांगलाच फायदा दिसतो. मग तिने २७ आणि ७० कॅन्सस सिटीला देऊन २१ वर उडी मारली: ८०० साठी ९२० मोजले, आणि फिल टेलरला घेतलं. ७० व्या जागेवर कॅन्सस सिटीने जस्टिन ह्यूस्टनला घेतलं, ज्याने २०१४ मध्ये २२ सॅक केले, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं. ५९ वर ग्रेग लिटल, १२४ वर ओवेन मारेसिक, आणि २०१२ चा तो पहिला पिक २२ व्या जागेवर २८ वर्षांच्या ब्रँडन वीडनवर गेला. विक्री वाईट नव्हती, खरेदीने घात केला. म्हणून सरकण्याच्या बाजूने बोलताना मिळणाऱ्या प्रत्येक पिकाच्या आसपास कोणत्या जागेचे खेळाडू असतील ते लिहून दाखवा. ५५ व्या पिकाच्या परिसरात तुमच्या गरजेचा एकही थर नसेल, तर तक्त्यावरचे ३५० गुण नुसते कागदावर आहेत.

५३ जणांच्या संघात जागा किती रिकाम्या आहेत तेही मोजा. भरलेल्या संघाला सहाव्या-सातव्या फेरीचे जास्तीचे पिक कट होणाऱ्या खेळाडूंवर खर्च करावे लागतात. अशा संघाने पुढच्या वर्षीचा वरचा पिक मागावा.

घड्याळ आणि फोन

२०२५ पर्यंत पहिल्या फेरीत प्रत्येक पिकाला १० मिनिटं होती, दुसऱ्यात ७, तिसरी ते सहावी ५, सातव्यात ४. बहुतेक सौदे आधीच अटीवर ठरलेले असतात: आमचा माणूस तुमच्या नंबरापर्यंत उरला तर या भावाने. शेवटच्या क्षणी ठरलेला सौदा दोन्ही टीमनी लीगला कळवावा लागतो, एकीने कळवून चालत नाही. २००३ मध्ये मिनेसोटाचा बॉल्टिमोरबरोबरचा सौदा वेळेत पक्का झाला नाही, सातव्या पिकाचा वेळ संपला, आणि जॅक्सनव्हिल व कॅरोलायना पुढे घुसून निवड करून गेल्या. मिनेसोटाने नवव्या जागेवर केव्हिन विल्यम्सला घेतलं. थर पुरेसा खोल होता म्हणून निभावलं. २०११ मध्ये शिकागोकडून सौदा लीगला कळवला न गेल्याने बॉल्टिमोरचा २६ व्या पिकाचा वेळ संपला आणि कॅन्सस सिटी आधी निवडून मोकळी झाली. तुमची टीम शेवटच्या दोन मिनिटांत सरकेल यावर तुमची सगळी आखणी बेतू नका.

निकाल कधी लावायचा

दोन वेळा, आणि दोन वेगळ्या वह्यांत. ड्राफ्टच्या रात्री फक्त भाव, थर आणि गिऱ्हाईक तपासा, आणि त्या घडीला काय माहीत होतं ते तारखेसह लिहून ठेवा. तीन हंगामांनंतर, पाचव्या वर्षाच्या पर्यायाची मुदत येते तेव्हा, खेळाडू तपासा: कोण सुरुवातीच्या अकरात आहे, कोणाचा पर्याय वापरला गेला, कोणाला दुसरा करार मिळाला. २०२५ च्या क्लीव्हलंड-जॅक्सनव्हिल सौद्यासाठी ती वेळ २०२८ च्या वसंतात येईल. तेव्हा हंटरच्या शेजारी ग्रॅहमसोबत जडकिन्स, १२६ वा पिक आणि २०२६ च्या पिकातून आलेला खेळाडूही मांडायचा.